सालमी रस्त्यावरची चूल

माझ्या लहानपणाला एखादा आवाज असेल, तर तो अॅल्युमिनियमच्या शिडीचा. बाबा एका कंपनीत एसी मेकॅनिक होते आणि कंपनीची पांढरी व्हॅन त्यांच्या ताब्यात असायची. तिच्या टपावर ही लांब शिडी बांधलेली असे. शिडीची एक पकड ढिली होती. गाडी खड्ड्यातून गेली की शिडी खडखड वाजायची, आणि कुवेतमधल्या खैतानच्या आमच्या गल्लीत खड्ड्यांना तोटा नव्हता. जगाचे कॉम्प्रेसर दुरुस्त करणाऱ्या या माणसाने ती एक पकड इतक्या वर्षांत कधी आवळली नाही. आई म्हणायची, लोकांची घरं गार करून येतात आणि स्वतःची गाडी बोंबलत फिरवतात. पण सहाव्या मजल्यावर तो खडखडाट ऐकू आला की ती आधी चहाचं आधण ठेवायची आणि मग बोलायची. बाबा जिना चढून दारात येईपर्यंत चहा उकळलेला असे. त्या आवाजात तिची कधी चूक झालेली मला आठवत नाही.

आईचं माहेर गुहागरच्या बाजूला. सासर तिथून दोन डोंगर पलीकडे. तिथून उचलून तिला थेट कुवेतमधल्या दोन खोल्यांत आणून ठेवलेलं. एक खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडायची आणि दुसरी उघडायचीच नाही, कारण तिच्यात एसी बसवलेला. बाबा कामावर, मी आणि माझा धाकटा भाऊ ओमू शाळेत, आणि दिवसभर आई, टीव्ही आणि एसीतून बादलीत ठिबकणारं पाणी. त्या पाण्याने ती फरशी पुसायची, म्हणजे तेवढं तरी पाणी आपण मिळवलं असं तिला वाटत असावं. शेजारपाजार होता, नाही असं नाही. समोरच्या घरात दापोलीकडचं कुटुंब राहायचं. त्यांच्या हमिदाचाची अधूनमधून सुकटीची चटणी घेऊन यायच्या, दोघी गावाकडच्या गप्पा मारायच्या. पण चाची गेल्या की आई पुन्हा गप्प व्हायची. गॅसवरच्या जेवणाला चव नाही ही तिची रोजची तक्रार. धूर लागल्याशिवाय अन्न शिजतं, पण लागत नाही, असं ती म्हणायची. आम्ही हसायचो. आज चाळिशी ओलांडल्यावर माझ्या स्वयंपाकघरात तीन प्रकारच्या शेगड्या आहेत, आणि ती काय म्हणत होती ते मला आता कळतं.

तिची एक मोठी बॅग पलंगाखाली असायची. पाच वर्षं झाली तरी ती पूर्ण रिकामी केलेली नव्हती. तळाशी दोन चांगल्या साड्या, एक पितळी लोटी आणि कुळथाच्या पिठाची पुरचुंडी कायम असे. मुक्कामाला आलेल्या पाहुणीसारखी ती तिथे राहिली. मी ज्या हिवाळ्याबद्दल सांगतेय, त्या हिवाळ्यात मामाने चिपळूणच्या एका शाळेचा प्रवेशाचा फॉर्म पाठवला होता. आईने तो भरला. माझं नाव, ओमूचं नाव, पत्ता मामाचा. फक्त वडिलांच्या सहीची जागा मोकळी होती. मार्चमधल्या परीक्षा झाल्या की आम्ही तिघं जायचं आणि बाबा इथे राहायचे, असं तिने ठरवलं होतं. बाबांनी नाही म्हटलं नाही आणि सहीही केली नाही. तो फॉर्म टीव्हीवरच्या विणलेल्या रुमालाखाली पडून राहिला. रोज बातम्या बघताना आम्ही चौघं त्या रुमालाकडे बघायचो. मी अकरा वर्षांची होते. मला शाळा कुठलीही चालली असती. शिडीचा आवाज मात्र रोज संध्याकाळी हवा होता.

बाबांना वाळवंटाचं वेड होतं. तिथले लोक त्याला बर्र म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणायचो. थंडी पडली की कुवेती मंडळी बर्रमध्ये मोठमोठे तंबू ठोकतात, जनरेटर लावतात, गालिचे अंथरतात, आणि महिना-महिना तिथे राहतात. आमचा थाट वेगळा. गुरुवारी दुपारी बाबा सुटले की व्हॅनमध्ये एक निळी ताडपत्री, दोन खांब, दोन चटया, पाण्याचा पिंप, गॅसची छोटी शेगडी आणि आम्ही. जहरा गाव मागे टाकलं की सालमी रस्ता लागतो. त्या रस्त्याने अर्धा तास गेल्यावर एका ठिकाणी बाबा गाडी डांबरावरून खाली उतरवायचे. तिथून पुढे रस्ता असा नाहीच, नुसत्या चाकांच्या खुणा, त्याही शंभर दिशांना गेलेल्या. दहा मिनिटं चालत जाता येईल एवढ्या अंतरावर एक खळगा होता. वारा लागत नसे म्हणून तो बाबांनी निवडलेला. व्हॅनच्या दाराला ताडपत्री बांधायची, दुसरं टोक खिळ्यांनी वाळूत ठोकायचं, झालं आमचं घर. संडास नाही, नळ नाही, दिवा म्हणजे एक बॅटरी. बाबांच्या मते आईला मोकळी जमीन मिळाली की बरं वाटेल. आईच्या मते बाबा आम्हाला ओसाडीत नेऊन फ्लॅटच बरा होता हे पटवून देत होते.

बर्रमध्ये बाबांचा एकच कायदा होता. वाळूत पडलेल्या लोखंडाला हात लावायचा नाही. युद्धाच्या वेळचं काय काय तिथे अजून पुरलेलं असायचं, आणि डब्यासारखं दिसलेलं सगळं डबा नसतं, हे त्यांनी आम्हाला पाठ करायला लावलं होतं. दगडांबद्दल ते काही बोलले नव्हते. मुळात त्या भागात दगड फारसे नव्हतेच. होते ते फक्त आमच्या वळणावर. डांबराच्या कडेला दहा-बारा दगडांचा गुडघाभर उंचीचा ढीग. तिथे आलं की बाबा दर वेळी गाडी थांबवायचे, खाली उतरायचे, सगळ्यात वरचा दगड हाताने नीट बसवायचे आणि मग गाडी वळवायचे. आई मागे सामानात बसलेली असायची. तिला पुढचं काही दिसत नसे. तिला वाटायचं, हे टायर बघायला उतरतात. मी मात्र पुढे बसायचे आणि दर वेळी बघायचे.

त्या हंगामातली ती शेवटची खेप. पुढे परीक्षा, आणि त्यानंतर काय ते रुमालाखाली होतं. गुरुवारी पोचलो, खुबूस, म्हणजे तिथली विकतची रोटी, आणि अंडी खाऊन झोपलो. शुक्रवारी सकाळी चहा करायला बाबांनी शेगडी काढली, तर रेग्युलेटर घरी राहिलेला. गॅसची टाकी भरलेली, शेगडी घासलेली, आणि दोघांना जोडणारी वस्तू खैतानला ओट्यावर. आईने फक्त डोळे मिटून घेतले, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. बाबा म्हणाले, जहऱ्याला जाऊन नवा घेऊन येतो. पण शुक्रवार होता. नमाजामुळे दुकानं बंद होणार आणि दुपारी कधीतरी उघडणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. ताडपत्री सोडून त्यांनी पिंपाला आणि आमच्या दोन खांबांना बांधून दिली, आणि खडखड करत गेले.

ते गेल्यावर आई बराच वेळ ताडपत्रीच्या सावलीत बसून होती. आदल्या दिवशीची भाजी आणलेली लाकडी पेटी समोर पडली होती. तिने ती पायाने उलटी केली, एक फळी मोडून बघितली. वाळलेली. मग तिने आजूबाजूला पाहिलं. वाळलेल्या झुडपांच्या काटक्या इकडेतिकडे पडल्या होत्या. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला म्हणाली, "चूल मांडूया काय गो?"

तिच्या तोंडून तो प्रश्न कसा आला, हे मला अजून ऐकू येतं. पाच वर्षांत तिने आम्हाला काही करूया का असं विचारलं नव्हतं. जेवा, झोपा, अभ्यास करा, एवढंच. मी आणि ओमू काटक्या गोळा करायला पळालो. पण चुलीला दगड लागतात. कोकणात वाकलं की दगड हाताला लागतो, इथे वाळूच वाळू. आई खळग्याच्या काठावर चढली, कपाळावर हात धरून चारी दिशांना बघितलं, आणि तिला रस्त्याकडेचा ढीग दिसला. कोणीतरी बांधकामाचे उरलेले टाकून दिलेत, असं ती म्हणाली. बाजाराला न्यायची तिची दोन चाकांची ट्रॉली व्हॅनमधून उतरवलेली होतीच. आम्ही तिघं ती ओढत निघालो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ते दगड कशाचे आहेत हे मला माहीत होतं. खूण वगैरे शब्द डोक्यात नव्हते, पण बाबा तिथे थांबतात, हात लावतात आणि वळतात, हे मी दहादा तरी पाहिलं होतं. पहिला दगड उचलताना मी म्हणू शकले असते. पण आई हसत होती. दगड जड होता, तिचा तोल गेला, ती वाळूत बसली आणि हसायला लागली, आणि ओमू तिच्या अंगावर पडला. मला वाटलं, आत्ता बोललं तर हे सगळं थांबेल. म्हणून मी नाही बोलले. पुढे बाबांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "ठाऊक आहे. तू दर वेळी बघायचीस." एवढी वर्षं त्यांना माहीत होतं आणि त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

तीन फेऱ्या केल्या. तीन मोठे दगड चुलीला, आणि वारा सुटायला लागला म्हणून बाकीचे ताडपत्रीच्या कडेवर. ढिगाच्या जागी काही राहिलं नाही. चूल मांडताना आईने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली, वाऱ्याची दिशा बघितली, दोन दगड जवळ आणि एक लांब असं मांडलं, मध्ये वाळू हाताने सारवल्यासारखी फिरवली. पेटीच्या फळ्या फोडल्या. पहिल्या काडीला जाळ लागला आणि धूर थेट तिच्या डोळ्यांत गेला. ती डोळे चोळत हसत होती. भाताचं पातेलं चढवलं. व्हॅनमधून उतरवलेल्या पिशवीतून तिने कुळथाचं पीठ काढलं. ते तिने बॅगेच्या तळातून कधी काढून आणलं होतं, देव जाणे. सुका बांगडा निखाऱ्यावर टाकला. बाबा येतील तेव्हा त्यांना ताटच वाढून द्यायचं, रेग्युलेटरचं नावही काढायचं नाही, असं तिने आम्हाला बजावलं. तिला त्यांना चकित करायचं होतं.

धूळ कधी आली ते कळलंच नाही. आधी आकाश पिवळट झालं, मग रस्त्यापलीकडचे विजेचे मनोरे एकेक करून गेले, आणि मग रस्ताच गेला. फार जोराचं वादळ नव्हतं, पण शंभर पावलांपलीकडे काही दिसेना. आईने पातेल्यावर झाकण घट्ट बसवलं आणि आम्हाला ताडपत्रीखाली घेतलं. गाड्यांचा आवाज येत होता, गाड्या दिसत नव्हत्या. आणि मग शिडी वाजली.

आई उठून उभी राहिली. शिडी खडखडत जवळ आली, आमच्या अगदी समोर आली आणि तशीच पुढे निघून गेली. आई म्हणाली, पुढे जाऊन वळतील. थोड्या वेळाने शिडी उलट्या दिशेने गेली. मग पुन्हा इकडून तिकडे. तिसऱ्या वेळेला मी बोलले. बाबा त्या दगडांपाशी वळतात, म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग चुलीकडे पाहिलं. तिला समजायला क्षणही लागला नाही. ती वाकली आणि चुलीतला दगड उचलायला गेली. पातेलं कलंडलं असतं, ते ओमूने फळीने अडवलं. दगड तापलेला होता. तिने हात मागे घेतला, तळव्याला मोठा फोड आला, पण ती ओरडली नाही. तिने चुलीला पाठ फिरवली, आम्हा दोघांचे हात धरले आणि रस्त्याकडे चालायला लागली. जाताना भांडी विसळायला आणलेला लाल टब तिने काखेत मारला.

ढीग जिथे होता तिथे वाळूत गोल डाग उरला होता, तेवढ्यावरून जागा सापडली. त्या डागावर आम्ही तिघं उभे राहिलो. आईने पोपटी ओढणी सोडून एका हाताने वर धरली, ती वाऱ्यावर फडफडत होती. ओमूने लाल टब डोक्यावर उलटा धरला. मी काय करावं हे न कळून दोन्ही हात वर करून उभी राहिले. दोन ट्रक गेले. ट्रकवाल्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. दातांत वाळू करकरत होती. आई एकटक रस्त्याकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहून धुळीत रेघा पडल्या होत्या. ते धुरामुळे असावं असं मी तेव्हा धरून चालले.

पहिल्यांदा थांबली ती बाबांची गाडी नव्हती. चाऱ्याच्या पेंढ्या भरलेली एक पिकअप हळूहळू आली, पुढे गेली, मागे आली. आत पिकल्या दाढीचा एक म्हातारा होता. त्याच्या बकऱ्यांचा गोठा आमच्या खळग्याच्या पलीकडे कुठेतरी होता. आम्ही त्याला लांबून पाहिलेलं, बाबा त्याला अबू नासर म्हणत आणि हात करत. तो उतरला, आम्हाला नाही, आमच्या पायांखालची जागा बघत राहिला. त्याला हिंदी येत होतं. त्या पिढीतल्या बऱ्याच कुवेतींना येतं, मुंबईशी त्यांचं जुनं नातं.

"इधर पत्थर था," तो म्हणाला.

आईला टाळता आलं असतं. तिने ओढणी खाली घेतली आणि सांगितलं, "मैंने उठाया. चूल्हे के लिए."

तो म्हणाला, ते दगड त्याच्या बापाने ठेवले होते, रस्ता डांबरी व्हायच्या आधी. इथून जाणारा प्रत्येक माणूस ते बघून वळतो. तोही आज पुढे निघून गेला होता, स्वतःच्या गोठ्याची वाट चुकला होता. आई मान खाली घालून ऐकत होती. मग त्याने विचारलं, तुझा नवरा कुठे आहे. आईने रस्त्याच्या दोन्ही टोकांना हात केला. त्याने दाढीवरून हात फिरवला. पिकअप रस्त्याच्या कडेला आडवी लावली, सगळे दिवे पेटवले, आणि पेंढ्यांवर टेकून हातातली जपमाळ ओढत उभा राहिला. तो आमच्याबरोबर थांबला. मला त्याची भीती वाटत होती आणि तो गेला तर काय, याची त्याहून जास्त.

मग शिडी वाजली. लांबून, हळू. बाबांनी दिवे पाहिले असावेत, गाडी रखडत आली आणि थांबली. बाबा उतरले. त्यांच्या डोळ्यांच्या पापण्यांवर धूळ होती, चेहरा उतरलेला होता. त्यांनी आम्हा तिघांना पाहिलं, टब पाहिला, ओढणी पाहिली, मग जमिनीवरचा मोकळा डाग पाहिला.

"मीच उचलले ते," आई म्हणाली. "चुलीला."

आता बाबा रागावतील असं मला वाटलं. अबू नासरनेही माळ थांबवली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. तिच्या कपाळावर काजळी होती, केसांत राख होती.

"चूल पेटवलीस?" त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली.

"मग भात झाला असेल," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कातर झाला. असा आवाज मी पुन्हा एकदाच ऐकला, माझ्या लग्नात.

आईला लगेच दगड परत आणायचे होते. अबू नासर म्हणाला, चुलीवर काय आहे. भात, म्हटल्यावर त्याने हात आडवा केला. "पहले चावल उतरेगा, फिर पत्थर उठेगा." भांड्याखालचा दगड काढायचा नसतो, मग तो कोणाच्या का बापाचा असेना, असं त्याचं म्हणणं. त्याने आपली पिकअप पुढे काढली आणि तिच्या मागून आम्ही खळग्यात उतरलो. धूळ बसत चालली होती. भात खालून करपला होता. आई लाजेने अर्धी झाली, वरवरचा पांढरा भात पाहुण्याला वाढायला लागली, तर त्याने ताट मागे घेतलं आणि तळाची करपलेली खरपुडी मागून घेतली. ती त्याला आवडली. कुळथाची पिठी आधी हुंगली, मग ओरपली, मग पुन्हा मागितली. हे काय आहे, त्याने विचारलं. आईला कुळथाला हिंदीत काय म्हणतात ते येत नव्हतं. ती म्हणाली, "गांव का." तो म्हणाला, अच्छा. बाबा तीनदा भात घेऊन जेवले. नवा रेग्युलेटर त्यांच्या खिशात तसाच राहिला, आणि आई नंतर कित्येक वर्षं, काही हरवलं की, खिसा बघा म्हणायची.

निखारे विझल्यावर दगड निवू दिले. मग सगळे पिकअपमध्ये घालून वळणावर नेले. रचण्याचं काम अबू नासरने केलं. चुलीचे तिन्ही दगड त्याने शेवटी वर ठेवले, काळी बाजू बाहेर. बाबांनी ते उलटे करायला हात पुढे केला, तर तो म्हणाला, राहू दे, लांबून दिसेल. सगळ्यात वरचा दगड बाबांनी आईपुढे धरला.

"पुढच्या हिवाळ्यात सापडेल ना तुला जागा?" त्यांनी विचारलं. जागेबद्दलच विचारत होते ते, असं दाखवत होते.

फोड आलेला हात जपत आईने दुसऱ्या हाताने दगड घेतला, वर ठेवला, आणि तळव्याने दाबून नीट बसवला, अगदी बाबांसारखा. मग ती व्हॅनकडे गेली आणि मला म्हणाली, "तू मागं बस. मी पुढं बसतंय." परत येताना अंधार पडेपर्यंत ती काचेतून बघत होती आणि मध्येच बाबांना विचारत होती, ही वाट कुठे जाते, तो गोठा कुणाचा. बाबा सांगत होते. शिडी वाजत होती.

शनिवारी सकाळी टीव्हीवरचा रुमाल धुवायला टाकलेला होता. फॉर्म मला दोन दिवसांनी दिसला. कुळथाच्या डब्याखाली, चौपदरी घडी करून, फळीला डाग पडू नये म्हणून. बॅगही त्याच आठवड्यात रिकामी झाली. मामाला तिने काय कळवलं मला माहीत नाही. मी बारावी होईपर्यंत आम्ही चौघं खैतानमध्येच राहिलो. हिवाळ्यात बर्रला जाताना शेगडी न्यायचं बंद झालं. आई स्वतःचे तीन दगड घरून घेऊन जायची, हमिदाचाचींच्या नवऱ्याने कुठल्याशा बांधकामावरून आणून दिलेले, आणि आठवडाभर ते दाराबाहेर असायचे. वळणावर आता ती उतरायची.

बाबा निवृत्त होऊन गावी गेले आणि दोन वर्षांपूर्वी वारले. आई तिथेच आहे, अंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापवते. मी फिरूनफिरून पुन्हा कुवेतलाच आले, रिग्गईत राहते, बँकेत नोकरी करते. गेल्या हिवाळ्यात नवरा आणि मुलीला घेऊन सालमी रस्त्याला गेले. रस्ता आता ओळखू येत नाही. कितीतरी पदरी झालाय, कडेने लोखंडी कठडा आहे. माझी मुलगी ईरा मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. तिचं म्हणणं, लोकेशन पाठवलं की कोणीही पोचतं, दगड कशाला लागतात. मनोरे मोजत मोजत मी अंदाजाने एके ठिकाणी गाडी थांबवायला लावली. आईने बजावून ठेवलं होतं, पोचलीस की फोन कर, मला दाखव.

मी फोन फिरवून दाखवला. कठडा, डांबर, वाळू. तिच्या बाजूने पाटाच्या पाण्याचा आवाज येत होता.

"दगड कुठं आहेत?" तिने विचारलं.

"नाहीत गं आई. रस्ता रुंद झाला."

तिने फोन डोळ्यांजवळ धरून ती वाळू पुन्हा बघितली.

"मग तू उभी ऱ्हा तिथं जरा," ती म्हणाली.

ईराने गाडीतून विचारलं, आपण कोणाची वाट बघतोय. मी ओढणी सोडून हातात धरली आणि कठड्यापाशी उभी राहिले. ट्रक जात होते, वारा होता. शिडी वाजणार नाही हे मला ठाऊक होतं आणि तिलाही. तरी तिने फोन ठेवला नाही आणि मी हलले नाही.